तुझी जत्रा कवा हाय?

रोहिण्या निघून चार दिवस झाले. दुकानात सोयाबीनच्या बॅगा उतरवून घेताना सदरा पाठीला चिकटतो आणि दुपारी बारानंतर कळंबच्या रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. गिऱ्हाईक येतं ते सकाळी, नाहीतर दिवस कलल्यावर. आलेला प्रत्येकजण बियाण्याच्या आधी एकच विचारतो, "औंदा पाऊस कसा म्हणायलेत?" माझं कृषी सेवा केंद्र आहे, म्हणून लोकांना वाटतं, मला पावसातलं चार आणे जास्त कळत असावं. मी मोबाइल काढून अंदाज वाचून दाखवतो. माणूस गेला की त्याच ॲपमध्ये दुसऱ्या एका गावाचं हवामान उघडतो. त्या गावाचं नाव वाकेन.

वाकेन उत्तर जर्मनीत आहे, श्लेस्विग-होलस्टाइन प्रांतात, हॅम्बुर्गच्या वायव्येला. वस्ती दोन हजारांच्या आसपास. गावात रेल्वे जात नाही. इट्झेहो स्टेशनला उतरायचं आणि पुढं बस. भोवती कुरणं, मका, दुभत्या गायी. आपल्याकडं एवढ्या वस्तीच्या गावात एक हायस्कूल आणि दोन किराणा दुकानं असतात. पण दर उन्हाळ्यात, जुलै संपताना किंवा ऑगस्ट लागताना, तिथं हेवी मेटल नावाच्या गिटारी-ड्रमच्या दणदणीत संगीताची जत्रा भरते आणि रानारानांत तंबू ठोकून ऐंशी-पंच्याऐंशी हजार माणूस राहतं. यंदा ती २९ जुलै ते १ ऑगस्ट आहे. यंदा मी जाणार आहे.

शेवटचं वाक्य लिहिताना हात थांबला होता. व्हिसा व्हायचा आहे, पाऊस पडायचा आहे, पेरण्या व्हायच्या आहेत. तरी लिहिलं.

वाट बघायला सुरुवात झाली ती हॉस्टेलात. २००५ साली मी तेव्हाच्या औरंगाबादला इंजिनिअरिंगला गेलो. आम्ही पोरं एकमेकांना गावाच्या नावानंच हाक मारायचो: उदगीर, जिंतूर, भोकर. मी कळंब. उदगीरचा कुठल्यातरी सीनियरकडून सीडीचा गठ्ठा घेऊन आला होता. खोलीत एकच कॉम्प्युटर, तोही चौघांनी वर्गणी काढून घेतलेला. एका रात्री त्यानं त्यातली एक सीडी लावली. बाकीचे म्हणाले, बंद कर, डोकं उठलं. मी मात्र गप्प बसून ऐकत राहिलो, कारण मला तो आवाज ओळखीचा वाटला होता. कुठं ऐकलाय ते आठवेना. दोन-तीन दिवसांनी आठवलं. संबळ.

आमच्या भागातला माणूस संबळ ऐकतच मोठा होतो. दोन भांडी कमरेला, एकाचा आवाज खर्जातला, दुसऱ्याचा चढा, आणि दोन्ही हातांतल्या काड्या अशा फिरतात की कुठली कधी पडली ते कळत नाही. मेटलमधला ड्रमवाला हेच दोन पायांनी करतो. ढोलाला खाली दोन पॅडल असतात. डावा-उजवा, डावा-उजवा, आणि आवाज कानाच्या आधी छातीला लागतो. येरमाळ्याच्या जत्रेत गोंधळी खेळायला लागले की असाच लागायचा. शहरातल्या मित्रांना मेटल परकं वाटायचं, रागावलेलं वाटायचं. मला त्यात राग कधी दिसला नाही. मला त्यात अंगात येणं दिसलं.

त्या संगीताच्या जन्माची गोष्टही मला आपल्याकडचीच वाटते. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये टोनी आयोमी नावाचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय १७. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रानं त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा असल्यामुळं उजव्या हाताचीच बोटं तारांवर दाबायची. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, तारा हलक्या घेतल्या, पुढं त्या सैल करून सूर खाली उतरवला. ब्लॅक सॅबथ या बँडचा तो जड, खोल आवाज अशा रीतीनं घडत गेला, आणि पुढचं सगळं हेवी मेटल त्यातून निघालं. हे वाचलं तेव्हा मला माझे चुलते आठवले. बापूंची दोन बोटं कडबाकुट्टीत गेली आहेत. आमच्याकडं असा एक हात प्रत्येक गावात असतो. मळणी यंत्र, कडबाकुट्टी, उसाचं चरक. बापू त्याच हातानं आजही भजनात झांज धरतात. मूठ वेगळी धरावी लागते, म्हणून त्यांच्या झांजेचा आवाज जरा दबका येतो, आणि अंधारातही ओळखता येतो.

२००७ च्या मार्चमध्ये आयर्न मेडन या मेटल बँडमधले लोक पहिल्यांदा भारतात वाजवायला आले. १७ तारीख, बंगळुरूचं पॅलेस ग्राउंड. उदगीर, मी आणि भोकर, तिघं सोलापूरपर्यंत एसटीनं आणि तिथून उद्यान एक्सप्रेसच्या जनरल डब्यात उभं राहून गेलो. घरी सांगितलं होतं की कॉलेजची सहल आहे. त्या रात्रीचं मी फार सांगत बसत नाही, कारण सांगून ते उतरत नाही. एकच सांगतो. गाण्याच्या शब्दांवर लोक गातात हे मला माहीत होतं, पण तिथं हजारो लोक गिटारीची धून गात होते. शब्द नाहीत, नुसता सूर. आमच्या आराधी बाया गाण्याचं कडवं संपल्यावर नुसतं "उदो, उदो" धरून ठेवतात, आणि पुढचं कडवं येईपर्यंत गाणं पडू देत नाहीत, तसं. परतीच्या गाडीत आमच्या तिघांचे आवाज बसले होते. गुलबर्गा आलं तेव्हा उदगीर खुणेनंच म्हणाला, आता वाकेन.

वाकेनचे फोटो तोवर आम्ही पाहिले होते. त्यात मला स्टेजच्या आधी ट्रॅक्टर दिसला. चिखलात रुतलेली गाडी साखळदंडानं ओढून काढणारा ट्रॅक्टर, वर टोपी घातलेला म्हातारा शेतकरी, आणि मागं चिखलानं माखलेली, लांब केसांची पोरं गाडी ढकलताहेत. नंतर कळलं की जत्रेसाठी आजूबाजूचे शेतकरी आपली रानं देतात. गावातल्या बाया अंगणात न्याहारी मांडतात, कॉफी-केक विकतात. पोरंसोरं छोट्या गाड्यांवर पाहुण्यांचं सामान वाहून चार पैसे कमावतात. जत्रेच्या सुरुवातीला गावच्या अग्निशमन दलाचं बँडपथक वाजवतं. जगातले मोठेमोठे बँड ज्या आवारात वाजवतात, तिथं आधी गावची वाजंत्री. मला ही गोष्ट फार आवडते. मान आधी गावाचा.

सुरुवात १९९० ची. थॉमस येन्सन आणि होल्गर ह्यूब्नर, दोघं तिथलेच. गावाबाहेर मुरूम काढून झालेल्या खाणीच्या खड्ड्यात त्यांनी सहा बँड बोलावले, आणि आठशेच्या आसपास लोक जमले. आता तर काही वर्षी तिकीटविक्री उघडल्यावर काही तासांतच पुढच्या वर्षीची तिकिटं संपली आहेत. कुठले बँड येणार हे बरंचसं ठरायच्या आधीच लोकांनी पैसे भरलेले असतात. बाहेरच्याला हे वेडेपणाचं वाटेल. आपल्याकडं कुणी येरमाळ्याच्या येडाईदेवीच्या जत्रेला जाण्याआधी विचारतं का, की यंदा काय कार्यक्रम आहे? २०१७ साली तर त्यांनी बिअर न्यायला रानातून जमिनीखाली साधारण सात किलोमीटर पाइपलाइन टाकली. बापूंना हे सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पाइप किती इंचीचा.

आता येरमाळा. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

येरमाळा आमच्याच कळंब तालुक्यात, सोलापूर-धुळे रस्त्यावर. डोंगरावर येडेश्वरीचं देऊळ आहे. चैत्री पौर्णिमेला मोठी जत्रा. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगर उतरते आणि आमराईतल्या देवळाकडं निघते. वाटेत चुन्याचं रान लागतं. तिथं जमलेले लाखो लोक खाली वाकून चुनखडीचे खडे वेचतात. भर चैत्राचं ऊन, वर आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि एवढा समुदाय वाकलेला. मग पालखी येते आणि "आई राजा उदो उदो" असा आवाज उठतो, की लहानपणी मी आजीच्या लुगड्याचा पदर तोंडात धरून उभा राहायचो.

आजी लग्न होऊन आल्यापासून या जत्रेला जाते आहे. तिचं वर्षही त्याच हिशेबानं चालतं. "तवा तू चालत व्हतास, म्हंजी जत्रा व्हऊन दोन म्हैने झालते," असं. जत्रा उठली की दुसऱ्या दिवसापासून ती पुढच्या जत्रेचं बोलायला लागते. कुणाला न्यायचं, पुरणाला डाळ किती, माहेरची कोण भेटली, कोण दिसली नाही. तिची माहेरची माणसं तिला वर्षातनं एकदा, तिथंच भेटायची. देवीचं दर्शन पाच मिनिटांचं, पण तिथं जायचं म्हणून अख्खं वर्ष.

मी पहिल्यांदा तिला वाकेनबद्दल सांगितलं तेव्हा तिला समजावून सांगायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. लांबून लोक येतात, रानात पालं ठोकून राहतात, तीन-चार दिवस राहतात, मोठी वाजंत्री असते, काळे कपडे घालतात, अंगात आल्यागत नाचतात. गोल रिंगण करून एकमेकांवर धडकतात, पण कुणी पडला तर आजूबाजूचे लगेच हात देऊन उठवतात. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "देवी कंची हाय?" मी म्हटलं, देवी नाही, नुसतं वाजवणं. ती म्हणाली, "वाजिवनं म्हंजी देवीच की रं." तेव्हापासून ती विचारते, "तुझी जत्रा कवा हाय?"

एकदा तिला मी दिल्लीच्या ब्लडीवुड या बँडचा व्हिडिओ दाखवला होता. ही पोरं २०१९ साली वाकेनला वाजवून आली. त्यांच्यात गिटारींसोबत ढोल आहे, बासरी आहे. आजीनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला, ढोलवाला दिसला तशी म्हणाली, "ह्यो तर आपला ढोल हाय. आन् ही गोरी लेकरं त्येच्यावर नाचायलीत." तिनं तो व्हिडिओ तीनदा बघितला.

मेटलवाले एक खूण करतात. तर्जनी आणि करंगळी वर, बाकीची बोटं दुमडलेली. शिंगांसारखी दिसते. ही खूण मेटलमध्ये रुजवली ती रॉनी जेम्स डिओ या गायकानं. तो १९७९ साली ब्लॅक सॅबथमध्ये आला. त्याची आजी मूळची इटलीची. रस्त्यानं जाताना ती वाईट नजर लागू नये म्हणून अशी बोटं करायची, आणि तिच्याकडून आपण ती घेतली, असं तो सांगायचा. म्हणजे जगभर मैदानांत लाखो हात जी खूण करून वर जातात, ती एका आजीची दृष्ट काढण्याची रीत आहे. मी हे सांगितल्यावर माझ्या आजीनं बोटं तशी करून बघितली. सांधे आखडल्यामुळं करंगळी नीट वर होत नव्हती. मग ती म्हणाली, मीठ-मिरच्या बऱ्या.

२०१८ ला उदगीर नोकरीनं हॅम्बुर्गला गेला आणि २०१९ च्या ऑगस्टात त्यानं २०२० ची दोन तिकिटं काढली. एक त्याचं, एक माझं. मी पासपोर्ट काढला. आणि मग काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. २०२० च्या चैत्रात येरमाळ्याची जत्रा झाली नाही. ऑगस्टात वाकेन झालं नाही. २०२१ ला पुन्हा दोन्ही नाही. आजीनं दोन्ही चैत्री पौर्णिमांना घरातच, देवाच्या कोपऱ्यात, नैवेद्य दाखवला. शेतातले चुनखडीचे पाच खडे आणून पाटावर ठेवले. मी बघत होतो. दुपारी ती नेहमी जत्रेत असायची त्या वेळेला तिला बसवेना. ओट्यावर येऊन येरमाळ्याच्या दिशेला तोंड करून उभी राहायची, आत जायची, परत यायची. नसलेल्या जत्रेलाही ती आपली वेळ पाळत होती.

हॉस्टेलच्या ग्रुपवर आम्हीही तेच करत होतो. वाकेनच्या तारखा आल्या की भोकर जुने व्हिडिओ टाकायचा, जिंतूर विचारायचा तिकिटांचं काय झालं. तिकिटं पुढच्या वर्षाला चालणार होती. ती २०२० ची होती, २०२१ ची झाली, मग २०२२ ची. मधल्या काळात आमच्या ग्रुपवरच्या दोघांचे वडील गेले. एकाची नोकरी गेली आणि तो गावी येऊन शेती करायला लागला. तिकिटाचा तो नंबर मात्र उदगीरच्या मेलमध्ये तसाच होता.

२०२२ च्या एक एप्रिलला राज्यातले निर्बंध उठले, दुसऱ्या दिवशी पाडवा होता आणि पंधरा दिवसांत चैत्री पौर्णिमा. त्या जत्रेसारखी जत्रा मी पाहिली नाही. लोक बोलत नव्हते, नुसते एकमेकांचे दंड धरून बघत होते. हाय, तू हाईस. ती न्हाई का? कवा गेली? आजीचे गुडघे तोवर गेले होते, डोंगर चढणं शक्य नव्हतं. तिला मी गाडीनं आमराईत नेऊन बसवलं. ती एका झाडाखाली बसली आणि दिवसभर माहेरच्या माणसांची शिरगणती करत राहिली. तीन बाया कमी निघाल्या. संध्याकाळी पालखी आली तेव्हा ती उभी राहिली नाही, बसूनच हात जोडले, आणि मला म्हणाली, "आता तुझी बी व्हईल."

झाली. २०२२ च्या ऑगस्टात, ४ ते ६ तारखेला, वाकेन पुन्हा भरलं. पण मी गेलो नाही. त्या जुलैत आमच्याकडं गोगलगायी आल्या. धाराशिव, लातूर, बीड, तिन्ही जिल्ह्यांत कोवळं सोयाबीन रातोरात खाल्लं गेलं. सकाळी रानात जावं तर दोन पानांवरची रोपं शेंड्यासकट गायब. लोकांनी पेरलेलं मोडून पुन्हा पेरलं. दुकानापुढं सकाळी सहाला माणसं उभी, गोगलगायीचं औषध आहे का म्हणून. ज्यांना ते परवडत नव्हतं त्यांना मी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधाला टाकायला सांगत होतो. रात्री त्याखाली जमा होतात, सकाळी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. अशा वेळी दुकानाला कुलूप लावून कुठं जाणार? उदगीरला मी फोन केला तेव्हा तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, तुझं तिकीट मी इथल्या पोराला देतो, पण तू पहिल्या दिवशी फोन उचल. मी गोडाऊनमध्ये खतांच्या पोत्यांवर बसून उचलला. पडद्यावर नुसती डोकी आणि हात दिसत होते, आवाज फुटत होता. त्यानं फोन वर धरला होता आणि तो रडत होता, हे मला त्याच्या हाताच्या थरथरण्यावरून कळलं. तीन वर्षांनी भेटलेली माणसं तिथंही एकमेकांचे दंड धरत होती.

२०२३ ची गोष्ट याहून वेगळी. त्या वर्षी आयर्न मेडन वाकेनला होते. उदगीरनं सुट्टी काढली, तंबू सामानात बांधला, आणि तिकडं पाऊस सुरू झाला. शेतं इतकी भिजली की गाड्या उभ्या करायला जागा राहिली नाही. दोन ऑगस्टला आयोजकांनी सांगितलं, आता कुणीही येऊ नका, आत घेता येणार नाही. त्या जत्रेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं. तिकिटं हातात असलेली हजारो माणसं वाटेत, स्टेशनांवर, घरी अडकली. उदगीर घरी अडकला. वाकेनवाल्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे, पाऊस असो वा ऊन, भेटूच. त्या वर्षी पावसानं ते ऐकलं नाही.

त्याच ऑगस्टात आमच्याकडचा पाऊस गेला. देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. सरासरीहून ३६ टक्के कमी पाऊस. मराठवाड्यात तर आठवड्यामागून आठवडा नुसतं वारं. फुलोऱ्यात आलेलं सोयाबीन दुपारी माना टाकायचं आणि रात्रीच्या गारव्यानं सकाळी परत उभं राहायचं, आणि ते बघून काळीज जास्तच तुटायचं. एका संध्याकाळी उदगीरचा फोन आला. जत्रा हुकल्याचं दुःख त्याच्या आवाजात अजून होतं. बोलता बोलता मी फोन फिरवून त्याला बापूंचं रान दाखवलं. त्याचं घर उदगीरला, वडिलांची आठ एकर कोरडवाहू. तो बघत राहिला. नंतर म्हणाला, "आरं, तिकडचा थोडा इकडं आला असता तर दोन्ही जत्रा झाल्या असत्या."

२०२४ ला दादांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

आणि गेलं वर्ष. २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा, तेरणा, सीना या नद्यांनी काय केलं ते साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, कुठं पिकासकट माती वाहून गेली. माझ्या वहीत त्या हंगामाची उधारी अजून उभी आहे आणि मी ती मागायला कुणाच्या दारात गेलेलो नाही. ज्याचं रानच गेलं त्याला काय मागणार? अशा वर्षानंतर मी जर्मनीला गाणं ऐकायला जाऊ का, हा प्रश्न मला रात्रीचा झोपू देत नव्हता. आजही त्याचं पुरतं उत्तर माझ्याजवळ नाही. तिकिटाचे पैसे दोन वर्षं थोडे थोडे बाजूला टाकलेले आहेत, कुणाचं काही बुडवून नाही. तरी प्रश्न पैशाचा नव्हता.

जायचं ठरलं ते दोन गोष्टींनी. एक, ओझी ऑस्बर्न. ब्लॅक सॅबथचा गायक. गेल्या वर्षी ५ जुलैला बर्मिंगहॅमच्या मैदानात, त्याच्या स्वतःच्या गावात, तो आणि बँडमधले मूळचे बाकीचे तिघं शेवटचं वाजवायला एकत्र आले. त्याला उभं राहता येत नव्हतं, सिंहासनासारख्या खुर्चीत बसून तो गायला. २२ जुलैला तो गेला. आमच्या ग्रुपवर त्या रात्री कुणी काही लिहिलं नाही. भोकरनं फक्त त्या खुर्चीचा फोटो टाकला. ज्यांना ऐकत आम्ही मोठे झालो ते सगळे आता सत्तरीच्या आसपास आहेत. जत्रा दर वर्षी येईल, पण तीत कोण नसेल ते सांगता येत नाही. आमराईत आजी झाडाखाली बसून जे मोजत होती, ते मला त्या रात्री कळलं.

दुसरी गोष्ट बापू. दिवाळीच्या आसपास, रानात वाहून आलेली वाळू काढायचं काम चालू असताना, मी त्यांना सहज म्हटलं की यंदाही राहू द्यावं. त्यांनी फावडं टेकवलं. "यंदा चैतात आपुन येरमाळ्याला जाणार का न्हाई?" जाणारच, मी म्हटलं. "मग?" एवढंच. ते परत कामाला लागले. चैत्रात आम्ही गेलोही. खडे वेचताना बापूंनी ते आपल्या अर्ध्या बोटांच्या मुठीत धरले होते.

तर आता तयारी. व्हिसाची तारीख जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मुंबईला. कागदांची फाइल आजीच्या ट्रंकेत, कारण घरात सगळ्यात सुरक्षित जागा तीच. गमबूट दुकानातलेच. रात्री पाणी द्यायला जाताना साप-विंचवापासून पाय वाचावेत म्हणून आमच्याकडं लोक जे काळे गमबूट घेतात, तेच वाकेनच्या चिखलात लागतात. दोन जोड बाजूला ठेवले आहेत. नऊ नंबर माझा, आठ उदगीरचा. त्यानं सांगितलंय, तिकडचे महाग आणि पातळ असतात, आपलेच आण. काळे टी-शर्ट आहेत. भोकर आणि जिंतूर येत नाहीत, पण ग्रुपवर रोज सकाळी कुणीतरी आकडा टाकतो. आज बासष्ट.

पण सगळं अडलंय ते पावसाशी. मृगात पाऊस आला, जमिनीत पुरेशी ओल झाली, निदान ७५ ते १०० मिलिमीटर, तर जून सरेपर्यंत पेरण्या उरकतील. मग जुलैच्या शेवटी फवारणीची गर्दी धाकटा भाऊ सांभाळेल, तो तयार आहे. पाऊस लांबला आणि पेरणी जुलैच्या मध्यावर गेली, किंवा दुबार पेरणीची पाळी आली, तर मी कळंब सोडणार नाही. हे मी उदगीरला सांगून ठेवलंय. त्यानं वाद घातला नाही. त्याच्या घरचीही आठ एकर आहेत.

त्यामुळं यंदा मी पावसाची वाट दोनदा बघतो. एकदा सगळ्यांसारखी, एकदा माझी. मागणं मात्र एकच आहे, आणि ते मागताना मला अपराधी वाटत नाही, कारण गावाचं भलं झाल्याशिवाय माझी जत्रा होणारच नाही.

काल संध्याकाळी लाइट गेली होती. आजी ओट्यावर बसली होती. तिला आता नीट दिसत नाही, पण तिनं भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणायला लावलं. मोबाइलच्या उजेडात मी पानं उलटली. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळं सगळे सण लांब गेलेत.

"कंच्या तारखंला निघती तुझी जत्रा?"

"एकोणतीस जुलै."

"त्या दिशी काय हाय बघ."

मी बघितलं. इतक्या महिन्यांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. आषाढी पौर्णिमा. गुरुपौर्णिमा.

"पुनव हाय," मी म्हटलं.

आजीनं मान हलवली, जशी ती कुणी हिशेब बरोबर सांगितला की हलवते. माझ्या हातातलं कालनिर्णय घेतलं, ती तारीख कुठं आहे ते बोट ठेवून मला दाखवायला लावलं, आणि लुगड्याच्या गाठीतलं कुंकू काढून त्या चौकटीवर लावलं. चैत्री पौर्णिमेच्या चौकटीवर तिचं कुंकू आधीचं होतंच, वाळून काळपट झालेलं.

"खुंटीला लाव जा," ती म्हणाली. "आन् दादाला विचार, बियाचं गाडं उंद्या किती वाजता येनार हाय."